फितीच्या काठावरचा आवाज

आजचा थ्रेड किल्ल्यांचा नाही आणि ताम्रपटांचाही नाही. तो एका यंत्राच्या बिघाडाचा आहे. जुन्या व्हीसीआरवर चित्र स्वच्छ दिसते, पण आवाज पाण्याखालून आल्यासारखा येतो किंवा मुळीच येत नाही. घरोघरी ऐकू येणाऱ्या या तक्रारीचा माग काढत गेलो, तर आपण १९७६ सालच्या जपानमध्ये पोहोचतो.

त्या वर्षी जेव्हीसी कंपनीने व्हीएचएस पद्धतीचा पहिला व्हीसीआर बाजारात आणला. अर्धा इंच रुंद फितीचा जवळजवळ सारा पन्हा चित्राला मिळाला. आवाजाच्या वाट्याला आली ती वरच्या काठाची एक मिलिमीटरची पट्टी. चित्र वाचणारी हेड फिरत्या ड्रमवर बसवलेली असल्याने फितीवरून सेकंदाला सुमारे ४.८ मीटर वेगाने धावतात. आवाजाचे हेड मात्र जागच्या जागी उभे असते आणि त्याच्यासमोरून फीत सरकते सेकंदाला अवघी २.३४ सेंटीमीटर. हा आपल्याकडच्या पाल पद्धतीचा वेग झाला. साध्या ऑडिओ कॅसेटची फीत ४.७६ सेंटीमीटरने सरकते. घरातले सर्वांत महागडे यंत्र आवाजाच्या बाबतीत वॉकमनच्या निम्म्या वेगावर चालत होते!

एका कॅसेटवर अख्खा चित्रपट मावावा, हा हिशेब त्यामागे होता आणि तो बाजारात खरा ठरला. त्याची किंमत आवाजाने मोजली.

ती किंमत किती, हे दुरुस्ती करणाऱ्याला ठाऊक असते. इतक्या मंद फितीवर १०,००० हर्ट्‌झच्या स्वराची एक लहर जेमतेम २.३ मायक्रॉन लांबीची होते. हेडवर फितीच्या भुकटीचा पुसटसा थर बसला, तरी अशा लहरी वाचता येत नाहीत. ‘स’, ‘श’ बोथट होतात, टाळ-झांजा विरून जातात आणि उरतो घोगरा आवाज. हेड केसभर तिरके झाले, तरी परिणाम तोच. म्हणून जाणता कारागीर आधी पेचकस उचलत नाही. तो दुसरी, खात्रीची कॅसेट लावून पाहतो. सगळ्याच कॅसेटी घोगऱ्या वाजल्या, तर दोष यंत्रात. प्लग काढून, आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापसाने स्थिर हेड पुसले की पुष्कळदा काम भागते. (हाच कापूस फिरत्या ड्रमवर घासू नये, तिथली नाजूक हेड तुटतात.) एकच कॅसेट घोगरी वाजत असेल, तर ती बहुधा तिरक्या हेडच्या यंत्रावर भरलेली असते. अशा वेळी हेडच्या स्क्रूची मूळ जागा खुणेने नोंदवून ते त्या कॅसेटपुरते तितकेच तिरके करायचे, आवाज उतरवून घ्यायचा आणि स्क्रू पुन्हा जागेवर आणायचा. जुन्या लेखकूची चूक समजून घेऊन पोथी वाचण्यासारखेच हे आहे.

आवाज डोलत असेल, तर फीत ओढणारे रबरी चाक गुळगुळीत झाले आहे का ते पाहावे. मधूनमधून आवाज बुडत असेल, तर फितीचा वरचा काठ चुरगळलेला असू शकतो. तो आवाज कोणताही कारागीर परत आणू शकत नाही. कोकणातल्या दमट कपाटातून निघालेल्या कॅसेटीवर पांढरी बुरशी दिसली, तर ती यंत्रात घालूच नये.

पुढे व्हीएचएस हाय-फाय आले आणि आवाजाची हेडही फिरत्या ड्रमवर चढली. आवाज फितीच्या थरात खोलवर नोंदवायचा आणि त्यावर चित्र, अशी ती युक्ती. गुणवत्ता एकदम उंचावली. मात्र ट्रॅकिंग ढळले की घरघर सुरू होते. तेव्हा बटण फिरवून जुन्या काठावरच्या पट्टीकडेच परतावे लागते.

भारतात आणखी एक घोळ होता. १९८२ साली दूरदर्शन रंगीत झाले आणि परदेशातून व्हीसीआर येऊ लागले. चित्राची आणि आवाजाची लहर यांच्यातले अंतर आपल्याकडे ५.५ मेगाहर्ट्‌झ, दुबई-मस्कतलाही तेवढेच. ब्रिटन आणि हाँगकाँगमध्ये मात्र ६. त्यामुळे दुबईचा व्हीसीआर बोलायचा आणि लंडनचा मुका राहायचा. अँटेनाच्या तारेतून चित्र जुळले, तरी आवाज बेपत्ता! यंत्र ठणठणीत असायचे, फक्त देश बदललेला असायचा. आतील कॉइल किंवा फिल्टर बदलून कारागीर त्याला इथली भाषा शिकवत.

आता सर्वांत वेदनादायक बिघाड, जो मुळात बिघाडच नाही. आवाजाची पट्टी काठावर वेगळी असल्यामुळे चित्राला धक्का न लावता तेवढा आवाज पुसून नवा भरता येत असे. ही सोय ‘ऑडिओ डब’ म्हणून मिरवली गेली. लग्नाच्या कॅसेटींवर तिचा मुक्तहस्ताने वापर झाला. मंगलाष्टके, रुसवेफुगवे, विहिणींची टोमणेबाजी हे सारे पुसून त्यावर सिनेमाची गाणी चढली. १९८०-९० च्या दशकांतली मराठी घरातली बोलीभाषा नोंदवणारे एवढे मोठे साधन आपणच हौसेने खरवडून काढले, असे माझे स्पष्ट मत आहे.

व्हीसीआर बनवणारी अखेरची ज्ञात कंपनी, जपानची फुनाई, हिने २०१६ च्या जुलैत उत्पादन थांबवले. आता सुटे भाग मिळतात ते मेलेल्या यंत्रांतून.

धाकट्या मावशीच्या लग्नाची १९८९ ची कॅसेट मी अशाच एका जुळवलेल्या यंत्रावर लावली. हेड पुसले, कोन जुळवला. आजी घास भरवताना काहीतरी म्हणते, ओठ हलतात, ऐकू येते ते एक चित्रपटगीत. पण डब करणाऱ्याचे गाणे प्रसंगाआधी संपले होते आणि त्याने तिथेच बटण सोडले होते. पुढची अकरा सेकंदे पट्टी मूळचीच राहिली. भांड्यांचा आवाज, कुणाचे तरी हसणे आणि मग आजी: “अगं, पंखा बंद कर, निरांजन विझतंय.”