आठ माणसं, एक दुकान आणि एक चिमणी

मोहरम जवळ आला की आमच्या कडेगावात ताबुतांची लगबग सुरू होते. उंच ताबूत आणि त्यांच्या भेटी पाहायला लांबून लोक येतात. पण कोणी काय करायचं, मान कोणाचा, हे आधीच ठरलेलं असतं आणि त्यात हिंदू-मुसलमान दोघंही असतात. म्हणून ते पिढ्यान्‌पिढ्या टिकलं.

आम्ही काही शिक्षकांनी मात्र एकदा मुलांसाठी विज्ञान मंडळ काढलं, ते दीड वर्षात बंद पडलं. मीच त्याचा सचिव होतो. उद्‌घाटनाचे फोटो आहेत, पण बैठकीची वही नाही. वर्गणी किती जमली, कुठे गेली, हे आज मलाही सांगता येत नाही.

म्हणूनच मला मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचा इतिहास वाचावासा वाटला. १५ सप्टेंबर १८८३ रोजी आठ माणसांनी ही संस्था स्थापन केली. सहा युरोपियन, दोन आपले: डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन. यातले आत्माराम पांडुरंग म्हणजे प्रार्थना समाजाचे एक संस्थापक. भायखळ्याच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये महिन्याला बैठक व्हायची. ज्याला जे सापडलं ते त्यानं आणायचं, दाखवायचं आणि त्यावर बोलायचं. एवढाच कार्यक्रम!

पुढे वस्तू वाढल्या, जागा हवी झाली. तेव्हा एच. एम. फिप्सन यांनी आपल्या पेढीत जागा दिली. ही पेढी दारूच्या व्यापाऱ्याची होती, हे वाचून आपल्यातल्या काहींच्या भुवया उंचावतील. पण याच फिप्सन यांनी १८८६ पासून १९०६ पर्यंत मानद सचिवपद सांभाळलं. वीस वर्षं, पगाराविना. १८८६ मध्येच संस्थेचं नियतकालिक निघालं. त्यामुळे एकानं पाहिलेलं दुसऱ्याला वाचता आलं आणि माणसं गेली तरी नोंदी राहिल्या.

हे सगळं गोड नव्हतं. ती साहेबांची संस्था होती. शिकार हा तिथल्या अनेकांचा छंद होता आणि राज्यही त्यांचंच होतं. आपल्या माणसांना तिथे फार मोठी जागा नव्हती.

तरीही एक दार उघडं राहिलं. १९०८ च्या सुमारास खेतवाडीतल्या एका बोहरी मुलानं एअरगननं चिमणी मारली. गळ्यावर पिवळा डाग. ही खायला चालेल का, अशी शंका आली म्हणून त्यानं ती मामा अमिरुद्दीन तय्यबजींना दाखवली. मामा संस्थेचे सभासद होते. त्यांनाही ती ओळखता येईना, म्हणून त्यांनी भाच्याला चिठ्ठी देऊन तेव्हाचे सचिव मिलार्ड यांच्याकडे पाठवलं. मिलार्डनी पक्षी ओळखून दिला, कपाटं उघडून पेंढा भरलेले पक्षी दाखवले, वाचायला पुस्तकं दिली. तो मुलगा म्हणजे सलीम अली.

मुलांना ही गोष्ट सांगतो तेव्हा ती एअरगनकडेच बघत राहतात. मी मात्र त्या कपाटांकडे बघतो. मुलगा आला त्या दिवशी दाखवायला कपाटात पक्षी होते, कारण पंचवीस वर्षं कोणीतरी ते जमवत, नावं लिहीत, जपत आलं होतं. सलीम अलींचं कौतुक आपण मुसलमान म्हणून अभिमानानं करतो. करावंच. पण उद्या आपल्या मोहल्ल्यातला एखादा पोरगा हातात काही घेऊन आला, तर त्याला आपण कोणाकडे पाठवणार? आपल्या कमिट्यांमध्ये अध्यक्ष कोण यावर रात्र रात्र वाद होतात. वही लिहायला कोणी तयार नसतो. मीही नव्हतो.

या रविवारी मंडळाची बैठक पुन्हा बोलावली आहे. पाच जण येतो म्हणालेत. दोनशे पानी वही आणली आहे. पहिल्या पानावर तारीख, हजर असलेल्यांची नावं आणि जमलेली वर्गणी लिहायची, एवढं ठरवलंय. सचिव या वेळी दुसरा कोणी झाला तरी वही मी लिहीन.