२०५/६५ आर १५ : टायरवर लिहिलेला इतिहास

गेल्या महिन्यात एका मित्राने त्याच्या जुन्या स्विफ्टला १५ इंची अलॉय बसवून घेतले. दुकानदाराकडे इनोव्हाच्या मापाचे २०५/६५ आर १५ टायर पडून होते, तेच चढवले. "रिम १५, टायर १५, काम फत्ते!" गाडी दिसायला लागली एकदम झकास. मग शनिवारी आई-बाबांना मागे बसवून, डिकी ठासून भरून साहेब नाशिकहून मुंबईला निघाले. कसारा घाटात प्रत्येक वळणावर मागून खर्रर्र... खाली उतरून बघतो तर टायरच्या खांद्यावर गोल चर पडलेली. थोडक्यात निभावलं म्हणायचं.

आता १५ ला १५ जुळवूनही चुकलं कुठे? हे शोधण्यात माझा एक रविवार गेला. पण मजा आली, कारण टायरवरचे आकडे म्हणजे शंभरेक वर्षांचा लेगसी कोड आहे!

बेलफास्टच्या जॉन बॉइड डनलॉपने हवेच्या टायरचं पेटंट घेतलं १८८८ साली. पुढे मोटारी आल्या आणि इंग्लंड-अमेरिकेत मापं इंचात ठरली. आपल्याकडच्या पद्मिनीचा टायर होता ५.२०-१४, अ‍ॅम्बेसेडरचा ५.९०-१५. पहिला आकडा टायरची रुंदी, दुसरा रिमचा व्यास, दोन्ही इंचात. टायरची उंची? ती साधारण रुंदीइतकीच असायची, मग लिहायची कशाला? आपल्या भाषेत, डिफॉल्ट व्हॅल्यू.

१९४६ मध्ये मिशेलिनने रेडियल टायरचं पेटंट घेतलं. कंपनी फ्रेंच, त्यामुळे रुंदी आली मिलिमीटरमध्ये. पण जगभरातल्या रिम्स तर इंचातच होत्या! म्हणून १५५ आर १३ असली खिचडी तयार झाली. भारतात रेडियल आणले जेके टायरने, १९७७ साली.

दरम्यान वेगवान गाड्यांना मोठे ब्रेक हवे होते. मोठ्या ब्रेकना जागा हवी म्हणून रिम मोठी, आणि वळणावर टायर लचकू नये म्हणून त्याची भिंत बुटकी. आता उंची सांगणं भाग पडलं. तोच मधला आकडा, रुंदीच्या किती टक्के उंची ते सांगणारा. म्हणजे एका ओळीत मिलिमीटर, टक्के आणि इंच!

१९७५ मध्ये मिशेलिनने हे साफ करायचा प्रयत्न केला. टीआरएक्स नावाचा टायर आणला, रिमसुद्धा मिलिमीटरमध्ये, उदा. ३९०. टायर चांगला होता, पण त्या रिमवर दुसरा साधा टायर बसेना. झालं, ही पद्धत मागे पडली. बॅकवर्ड कम्पॅटिबिलिटी मोडली की काय होतं ते आपल्याला वेगळं सांगायला नको :)

नाशिककरांना खरं तर हे परकं नाही. २००२ ची स्कॉर्पिओ इथल्याच महिंद्राच्या कारखान्यात बनायला लागली. सातपूरला सिएटचा टायर कारखाना आहे, आणि सिएटमधला 'ट' म्हणजे इटलीतलं तोरिनो, जिथे फियाट जन्मली!

असो. आता मित्राची चूक पाहू. पूर्ण चाकाची उंची = रिम + दोन्हीकडच्या टायरच्या भिंती. (१ इंच = २५.४ मिमी.)

स्विफ्टचा मूळ टायर १६५/८० आर १४ : १६५ चे ८० टक्के १३२, त्याची दुप्पट २६४. रिम ३५५.६. एकूण ६१९.६ मिमी.
इनोव्हाचा २०५/६५ आर १५ : २६६.५ + ३८१ = ६४७.५ मिमी.

चाक २८ मिमी उंच, वर ४० मिमी रुंद. चार माणसं आणि सामानाने गाडी दबली की घासणारच. शिवाय मीटर मोजतो चाकाचे फेरे. पूर्वी काटा जिथे असताना गाडी १०० ने जायची, तिथेच आता ती १०४ च्या वर जाते आणि काट्याला पत्ताच नाही.

थोडक्यात, रिम मोठी केली तर मधला आकडा कमी करून पूर्ण उंची तेवढीच ठेवायची. १८५/६५ आर १५ घेतला तर येते ६२१.५, दोन मिमीचाही फरक नाही. १९५/५५ आर १६ घेतला तर ६२०.९.

अजून एक. मापाच्या शेवटी दोन आकडे असतात, ते प्रत्येक टायरने किती वजन पेलायचं ते सांगतात. ८५ म्हणजे ५१५ किलो, ८४ म्हणजे ५००. माप जुळलं तरी हा आकडा मूळ टायरपेक्षा खाली जाता कामा नये. घाटात मागच्या सीटवर बसलेल्यांचा भार त्यावरच असतो.

मित्राने शेवटी १८५/६५ आर १५ टाकले, ८८ वाले. आता म्हणतो १७ इंची बसवू का? म्हटलं, भिंत अजून बुटकी होईल, आणि पावसाळ्यात मुंबई-नाशिक हायवेवरच्या खड्ड्यात तीच भिंत रिमला वाचवते. आधी दाराच्या चौकटीवरचा कंपनीचा स्टिकर वाच, मग कॅल्क्युलेटर काढ, आणि दुकानात त्यानंतर जा.