कोहळा : तंजावर ते चेन्नई

‘आवळा देऊन कोहळा काढणे’ ही म्हण आपल्या सर्वांच्या तोंडी असते. पण घरात कोहळा शेवटचा कधी शिजला, असे विचारले तर पुष्कळांना आठवणार नाही. चेन्नईत तो आपल्याला दिसतो तो आयुधपूजेला, दृष्ट काढून रस्त्यावर फोडलेला, कुंकवाने माखलेला. त्यावरून दुचाक्या घसरतात, म्हणून रस्त्यात फोडू नका असे पोलिसांनाही सांगावे लागते.

या भूमीत मराठी चूल पेटली त्याला साडेतीनशे वर्षे होत आली. व्यंकोजीराजे १६७० च्या दशकात तंजावरला स्थिरावले. त्याच शतकात रघुनाथ गणेश नवहस्त यांनी ‘भोजनकुतूहल’ हा आहारावरचा संस्कृत ग्रंथ रचला. पुढे दुसऱ्या सरफोजीराजांच्या काळातले ‘शरभेंद्र पाकशास्त्र’ मराठीत लिहिले गेले. सरस्वती महाल ग्रंथालयाने ते जपले. १८५५ साली राज्य गेले, तरी माणसे इथेच राहिली. कुंभकोणमला जन्मलेले दिवाण सर टी. माधवराव (१८२८–१८९१) मद्रासला शिकले आणि अखेरीस इथेच वारले. ही सारी मंडळी दोन्ही चवींत वाढली.

कोहळ्याचेही तसेच आहे. आपल्याकडे त्याचे सांडगे आणि वड्या. इथे त्याच ‘वेण पूसणी’चे मोर कुळंबु, कूट्टु आणि लग्नातला काशी हलवा. वाळवणाला लागणारे ऊन तर चेन्नईत भरपूर!

मात्र घरचे जुने बी असेल तर ते राखायला हवे, कारण ते एकदा संपले की दुकानात मिळत नाही. वेल गच्चीवर मोठ्या पिंपातही येतो. फुलाखाली लवदार इवले फळ दिसले की ते मादी फूल. पहाटे नर फुलाचे पराग त्याला लावावेत आणि पातळ कापडाने ते बांधून ठेवावे, म्हणजे दुसऱ्या कोहळ्याशी संकर होत नाही. लाल भोपळ्याची भीती नाही, त्याची जात वेगळी. फळावर पांढरी राख पूर्ण धरली की उतरवावे, काही आठवडे घरात ठेवावे, मग बी काढून सावलीत सुकवावे.

यंदा गणपतीनंतर आयुधपूजेला कोहळा आणाल, तेव्हा एक जास्तीचा आणा. तो फोडू नका, चिरा. आणि कुणाकडे आजीच्या वेळचे बी असेल, तर पुढच्या उत्सवात चार बिया शेजारच्या घरी जाऊ द्या.