फॅन बेल्ट

फॅन बेल्ट हा मोटारीच्या इंजिनातील क्रँकशाफ्टची गती अल्टरनेटर, पाण्याचा पंप, वातानुकूलन यंत्र इत्यादी साहाय्यक भागांपर्यंत पोहोचवणारा रबरी पट्टा होय. आजच्या बहुतेक मोटारींत पंखा विजेवर चालतो. नाव मात्र जुनेच राहिले आहे. झडपा उघडझाप करणाऱ्या कॅमशाफ्टला फिरवणारा दातेरी टायमिंग बेल्ट याहून वेगळा असतो.

प्रकार

मुंबईच्या कुर्ल्यातील कारखान्यात बनलेल्या प्रीमियर पद्मिनीसारख्या जुन्या मोटारींत इंग्रजी 'व्ही' आकाराच्या छेदाचा अरुंद पट्टा असे. नंतर रुंद, चपटा व आतून उभ्या खाचा असलेला पट्टा रूढ झाला. त्यावरील ६पीके१२०० अशा खुणेत ६ ही कण्यांची संख्या, पीके हा कण्यांचा प्रकार व १२०० ही मिलिमीटरमधील लांबी असते. टायमिंग बेल्ट सर्वच इंजिनांत नसतो. १९८३ मध्ये आलेल्या मारुती ८०० मध्ये तो होता, तर रांजणगाव येथे बनलेल्या फियाटच्या १.३ लिटर डिझेल इंजिनात त्या जागी साखळी असते.

तुटल्याचे परिणाम

पट्टा तुटताच बॅटरीचा लाल दिवा लागतो. पाण्याचा पंप त्याच पट्ट्यावर असल्यास काही मिनिटांत इंजिन तापते; तसेच चालवत राहिल्यास सिलिंडर हेड वाकते. अनेक जुन्या डिझेल जीपगाड्यांत ब्रेकला साहाय्य करणारा निर्वात पंप अल्टरनेटरच्या पाठीशीच जोडलेला असतो. अशा गाडीचा पट्टा घाट उतरताना तुटला, तर दोन-तीनदा दाबल्यावर ब्रेकचे पेडल दगडासारखे घट्ट होते. ब्रेक नाहीसा होत नाही, पण पूर्ण बळ लावावे लागते. खालचा गिअर टाकून गाडी कडेला घेणे हाच उपाय.

धाराशिव जिल्ह्यातील स्थिती

धाराशिव (२०२३ पूर्वीचे नाव उस्मानाबाद) हा बालाघाट डोंगररांगेतील अवर्षणप्रवण जिल्हा आहे. कडक उन्हाळ्याने रबर लवकर कडक होते, तर कच्च्या रस्त्यांवरील धूळ खाचांत साचून कणे घासते. धाराशिव-तुळजापूर-सोलापूर मार्गावर किंवा नळदुर्ग-उमरगा मार्गे लांबचा प्रवास करणाऱ्यांनी निघण्यापूर्वी पट्टा पाहणे हिताचे.

तपासणी व बदल

जुन्या रबराला भेगा पडत. नव्या ईपीडीएम रबराला सहसा पडत नाहीत, ते केवळ झिजते. त्यामुळे वरून धडधाकट दिसणारा पट्टाही निकामी असू शकतो. चालू करताना येणारी किंचाळी सैल ताणाची खूण असते. त्यावर साबण किंवा तेल लावण्याचा उपाय घातक आहे, कारण तेलाने रबर फुगते.

बदलताना इंजिन थंड असावे व बॅटरीची ऋण तार काढावी, कारण विजेचा पंखा आपोआपही सुरू होतो. पट्टा कोणत्या पुलीवरून कसा जातो याचे चित्र आधी काढून ठेवावे. त्यानंतर टेन्शनर पान्याने फिरवून, किंवा जुन्या गाडीत अल्टरनेटरचे बोल्ट सैल करून, पट्टा काढतात. नवा पट्टा स्क्रूड्रायव्हरने उचकटून चढवू नये; आतील दोरे तुटतात. पुली हाताने फिरवून पाहावी. ती खरखरत असेल तर नवा पट्टाही टिकत नाही. 'व्ही' पट्टा दोन पुलींच्या मध्यभागी अंगठ्याने दाबल्यास साधारण १० मिलिमीटर दबावा. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेतून घ्यावा. असा नवा पट्टा काहीसा ताणला जात असल्याने थोड्याच दिवसांत ताण पुन्हा तपासतात.

टायमिंग बेल्ट मात्र घरी बदलू नये. तो एक दात चुकला तरी अनेक इंजिनांत दट्ट्या झडपांवर आदळू शकतो.