केडगावची स्तुती: दुष्काळात देवाचं नाव कसं घ्यायचं?

इअरफोन लावलेत ना? मग आज वैरागहून निघू. आधी बार्शी, मग कुर्डुवाडी, तिथून पुण्याकडे जाणारी गाडी. दौंड मागे पडलं की थोड्या वेळात केडगाव येतं. आपल्यातले कितीतरी जण कॉलेजला, नोकरीला याच मार्गाने जातात, आणि ते स्टेशन खिडकीतून सर्रकन निघून जातं. आजचा विषय तिथलाच आहे.

प्रश्न साधा आहे. पाऊस दगा देतो, ज्वारी करपते, घरातलं माणूस जातं, आणि मंडळीतलं कुणीतरी म्हणतं, "देवाची स्तुती करा." खरं सांगा, राग येतो की नाही? जखमेवर मीठ चोळल्यासारखं वाटतं. मग संकटात स्तुती करायची म्हणजे नेमकं काय करायचं?

पंडिता रमाबाईंना हे विचारता आलं असतं, कारण त्यांनी दुष्काळ पुस्तकात वाचला नव्हता. जन्म 1858 चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे विद्वान माणूस. सगळं कुटुंब तीर्थयात्रा करत, पुराणं सांगत फिरायचं. 1870 च्या दशकात दक्षिणेत दुष्काळ पडला. वडील गेले, आई गेली, थोरली बहीणही गेली. पुढे 1876 पासूनच्या मोठ्या दुष्काळात आपला सोलापूर जिल्हाही होरपळला, हे लक्षात ठेवा.

भाऊ श्रीनिवास आणि रमाबाई उरले, तर 1880 मध्ये भाऊही गेला. त्याच वर्षी बिपिन बिहारी मेधवी यांच्याशी लग्न झालं, मुलगी मनोरमा झाली, आणि 1882 मध्ये पतीला कॉलऱ्याने नेलं. तेव्हा रमाबाई होत्या फक्त 23 वर्षांच्या!

1883 मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण सगळं एका रात्रीत बदललं असं नाही बरं का. ख्रिस्त आपल्याला खऱ्या अर्थाने भेटला तो त्यानंतर सुमारे आठ वर्षांनी, असं त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय. म्हणजे विश्वासाला वेळ लागला. ज्यांना लगेच "हालेलूया" म्हणता येत नाही, त्यांनी एवढं तरी ध्यानात ठेवावं.

आता 1896-97 कडे येऊ. मध्य प्रांतात दुष्काळ पडला. रमाबाई तिकडे गेल्या. रस्त्यावर हाडांचे सापळे झालेल्या मुली पाहिल्या आणि त्यांना स्वतःचेच जुने दिवस आठवले. सुमारे 300 मुली त्यांनी आणल्या. पुण्यात तेव्हा प्लेगची भीती होती, म्हणून मुलींना केडगावच्या शेतजमिनीवर नेलं. राहायला आधी तंबू. तिथेच 'मुक्ती' उभी राहिली. 1900 च्या आसपास गुजरातच्या दुष्काळातून आणखी मुली आल्या आणि संख्या दोन हजारांच्या जवळ पोहोचली.

आता मुद्द्याचं. इथे स्तुती व्हायची ती हात चालू असताना. सकाळी प्रार्थना, मग विहीर, शेत, माग, स्वयंपाक, छापखाना. अन्नाला मोताद झालेल्या मुलीला "गा" म्हणायच्या आधी भाकरी मिळायची. 1905 मध्ये केडगावात मोठं आत्मिक जागरण झालं, त्याची बातमी जगभर गेली. पण त्या गाण्यांच्या आधी तिथे रडणंही मोठ्याने झालं होतं.

बायबलही रडण्याला नको म्हणत नाही. स्तोत्रसंहिता उघडा. देवाला "का?" विचारणारी कितीतरी स्तोत्रं सापडतील. 88वं स्तोत्र तर शेवटपर्यंत अंधारातच राहतं, तरी त्याला स्तोत्र म्हणूनच जागा मिळालीय. देवाशी बोलणं न तोडणं, हीसुद्धा स्तुतीच.

1921 मध्ये मनोरमा गेली. आईचं सगळं काम जिने पुढे न्यायचं, तीच आधी गेली. रमाबाई तेव्हा साठी ओलांडलेल्या, कानांनी अधू. हिब्रू आणि ग्रीकवरून सोप्या मराठीत बायबल आणायचं काम त्यांनी बरीच वर्षं चालवलं होतं, साध्या बाईमाणसालाही ते वाचता यावं म्हणून. ते त्यांनी सोडलं नाही. 5 एप्रिल 1922 ला त्या गेल्या.

मुलीचं जाणं बरं झालं, असं मानायला त्यांचा विश्वास त्यांना सांगत नव्हता. दुःख हे दुःखच होतं. पण देवावर आणि कामावर शेवटचा शब्द दुःखाचा नाही, एवढं त्यांनी धरून ठेवलं.

तेव्हा मंडळी, तुमच्या मित्राच्या घरी यंदा पीक गेलं असेल, तर लगेच वचन फॉरवर्ड करू नका. आधी घरी जा. डबा न्या. सोबत बसा. त्याला रडायचं असेल तर रडू द्या. आणि मग, त्याच्याकडून शब्द फुटत नसतील, तर त्याच्या वतीने तुम्ही हळूच एक गीत म्हणा.

चला, पुढच्या भागात भेटू. काळजी घ्या!