पडली, ती आपलीच चूक?

ईटमधून आम्ही बचत गटाच्या सगळ्याजणी बोलतोय.

आपल्या ईटला रेल्वे नाही. तरी लेकरांकडं पुण्या-मुंबईला जायचं तर आपण बार्शीला नाहीतर कुर्डुवाडीला जाऊन गाडी धरतोच. आमच्या गटातली एक ताई अशीच गर्दीत गाडीत चढताना पडली आणि तिचा पाय गेला. "घाई मीच केली, आता कुणाला बोलायचं?" असं म्हणत ती घरात बसून राहिली. बैठकीत विषय निघाला तेव्हा आम्हीही "खरंय बाई" म्हणालो. पुढं एका वकीलताईंनी कायदा समजावून सांगितला, तेव्हा आमचं चुकलं हे कळलं. तीच हकिकत आज सांगतो.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे पहिली प्रवासी गाडी धावली. दोन वर्षांनी, १८५५ साली, अपघाती मृत्यूच्या भरपाईचा कायदा आला. दुसऱ्याच्या निष्काळजीपणानं माणूस गेला, तर बायको, नवरा, आईबाप आणि मुलं यांच्यासाठी भरपाई मागता येऊ लागली. पण समोरच्याची चूक कोर्टात सिद्ध करावी लागे. सिग्नल कुणी दिला, इंजिन कुणी हाकलं, हे खेड्यातली विधवा कुठून सिद्ध करणार?

१९४३ साली रेल्वे कायद्यात दुरुस्ती झाली. गाड्यांची टक्कर झाली किंवा डबे घसरले, तर रेल्वेची चूक असो वा नसो, प्रवाशाला भरपाई द्यायची असं ठरलं. तेव्हा मर्यादा होती दहा हजार रुपये. पण गाडी नीट चालू आहे आणि एखादी बाई दारातून पडली, तर ती या कलमात बसत नव्हती.

१९८९ साली नवा रेल्वे कायदा झाला. त्याच वर्षी रेल्वे दावा न्यायाधिकरणाचं कामही सुरू झालं. आपल्या राज्यात त्याची खंडपीठं मुंबईला आणि नागपूरला आहेत. १९९४ साली कायद्यात १२४-अ हे कलम आलं, आणि गाडीतून अपघातानं पडलेल्या प्रवाशालाही भरपाईचा हक्क मिळाला. फलाटाचं तिकीट काढलेला माणूसही यात धरला जातो.

तरी चढताना पडणं म्हणजे गाडीतून पडणं का, असा वाद होताच. केरळातली एक बाई गाडीत चढताना पडून गेली होती. त्या खटल्यात २००८ साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की हेही त्यातच येतं आणि चूक कोणाची हे इथं बघायचं नाही. २०१८ साली रीना देवी खटल्यात आणखी स्पष्ट झालं. अंगावर तिकीट सापडलं नाही, एवढ्यावरून दावा फेटाळता येत नाही. घरच्यांनी शपथपत्रावर खरं ते सांगावं, मग प्रवासी नव्हता हे दाखवायची जबाबदारी रेल्वेवर येते.

२०१४ च्या जानेवारीत मुंबईत घाटकोपर स्थानकावर १६ वर्षांची एक विद्यार्थिनी गाडी आणि फलाट यांच्या फटीत सापडली. तिचे दोन्ही हात गेले. त्यानंतर फलाटांच्या उंचीचा प्रश्न उच्च न्यायालयात गाजला. म्हणजे बघा, पडणाऱ्याच्या घाईपलीकडंही कारणं असतात.

१ जानेवारी २०१७ पासून मृत्यूसाठी भरपाई आठ लाख रुपये आहे. दोन्ही हात गेले तरी तेवढीच. बाकी दुखापतींच्या रकमा नियमांतल्या यादीत ठरवून दिल्यात. मात्र आत्महत्या, दारूची नशा किंवा स्वतःचा गुन्हा असेल तर भरपाई नाही. रूळ ओलांडताना गाडीनं उडवलं, तर ते गाडीतून पडणं धरत नाहीत. म्हणून पुलावरूनच जा.

आता कामाचं. अपघात झाला की स्टेशन मास्तर आणि रेल्वे पोलिसांकडं नोंद करा. तिकीट, पंचनामा आणि दवाखान्याचे कागद एका पिशवीत जपून ठेवा. दावा एका वर्षात करायचा असतो. उशिराला सबळ कारण असेल तर न्यायाधिकरण तो माफ करू शकतं, पण त्या भरवशावर राहू नका. आणि वकिलाच्या पैशाची चिंता नको. १९८७ च्या विधी सेवा कायद्यानं कुठल्याही बाईला, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. तालुक्याच्या कोर्टातल्या विधी सेवा समितीकडं जाऊन विचारा.

आमच्या ताईचं वर्ष घरात बसण्यातच निघून गेलं. तिचा अर्ज आता उशिराचं कारण लिहून गेलाय, निकाल यायचाय. आम्ही त्याच दिवशी विचारलं असतं तर ते कारण लिहायची वेळ आली नसती. तुमच्या गटात कुणी "चूक माझीच" म्हणून गप्प बसली असेल, तर पुढच्या बैठकीची वाट बघू नका. आजच तिच्या घरी जा आणि अपघाताची तारीख विचारा.