पंचाचा कौल : दोष की योजना?

बंगळूर हे गेल्या काही दशकांत संगणकाचे शहर म्हणून सर्वत्र ओळखले जाऊ लागले. त्या व्यवसायातील मंडळींत एक वाद नेहमी ऐकू येतो. यंत्राकडून, किंवा यंत्रावर खेळल्या जाणाऱ्या एखाद्या खेळाकडून, अनपेक्षित असे काही घडले की ती रचनेतील चूक समजावी की मुद्दाम ठेवलेली सोय, त्याला ‘बग’ म्हणावे की ‘फीचर’, यावर पक्ष पडतात आणि हिरिरीने भांडतात. शब्द नवे असले तरी वाद जुना आहे. जेथे नियम आहेत तेथे नियमकर्त्याच्या कल्पनेत न आलेली एखादी फट असतेच. आणि ती बुजवावी की राखावी, हे कोणाला तरी ठरवावे लागते. क्रिकेटच्या इतिहासात असे प्रसंग अनेक आहेत. त्यांतील सर्वांत बोधप्रद प्रसंग याच बंगळुरात घडला. परंतु त्याकडे वळण्यापूर्वी मागील तीन उदाहरणे पाहणे इष्ट होईल.

विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर इंग्लंडमध्ये बोझांके नावाच्या खेळाडूने बिलियर्डच्या टेबलावर टेनिसचा चेंडू फिरवीत खेळण्याच्या करमणुकीतून एक युक्ती शोधून काढली. चेंडू सोडताना हाताची ठेवण लेगब्रेकची. वळण मात्र उलट दिशेचे. हीच गुगली. प्रारंभी ती अनेकांना फसवेगिरी वाटली. पण नियमांत तिला बाध येत नव्हता, आणि फलंदाजाने नीट पाहिले तर तिची ओळखही पटत होती. पुढे ती कला ठरली. १९७१ साली ओव्हलवर ३८ धावांत ६ बळी घेऊन अजित वाडेकरांच्या संघाला इंग्लंडमधील पहिला कसोटी विजय मिळवून देणारे भागवत चंद्रशेखर हे या कलेचेच उपासक. त्यांचा गोलंदाजीचा हात बालपणीच्या पोलिओने दुर्बल झालेला होता. शरीरातील वैगुण्यच त्यांच्या गोलंदाजीचे शस्त्र बनले.

दुसरे उदाहरण विनू मांकड यांचे. डिसेंबर १९४७ मध्ये सिडनीच्या कसोटीत त्यांनी, चेंडू टाकण्यापूर्वीच रेषा सोडून पुढे सरकलेल्या बिल ब्राउन यांना गोलंदाजाच्या टोकाला धावबाद केले. नियमाने ते योग्यच होते. ऑस्ट्रेलियाचा कर्णधार ब्रॅडमन यानेही मांकड यांची बाजू घेतली. तरीही या कृतीला त्यांचे नाव चिकटले ते निंदेच्या स्वरात. अखेर १ ऑक्टोबर २०२२ पासून हा प्रकार ‘अनुचित खेळ’ या कलमातून काढून साध्या धावबादाच्या कलमात घालण्यात आला. पाऊणशे वर्षांनी का होईना, नियमपुस्तकाने मांकड यांस न्याय दिला.

तिसरे उदाहरण उलट आहे. १ फेब्रुवारी १९८१ रोजी मेलबर्न येथे अखेरच्या चेंडूवर न्यूझीलंडला बरोबरीसाठी सहा धावा हव्या असता ऑस्ट्रेलियाच्या कर्णधाराने आपल्या धाकट्या भावास चेंडू जमिनीवरून घरंगळत सोडावयास लावले. त्या स्पर्धेच्या नियमांत यास मनाई नव्हती. पण येथे कौशल्याला कौशल्याने उत्तर देण्याची वाटच बंद होत होती. ही फट लवकरच बुजविण्यात आली.

या तिन्हींत एक साम्य आहे. फट माणसांच्या नियमातील होती आणि तिच्यावर मत देण्यास कोणत्याही यंत्राची आवश्यकता नव्हती. एकविसाव्या शतकात मात्र न्यायदानातच यंत्र आले आणि प्रश्नाचे स्वरूप पालटले.

२७ फेब्रुवारी २०११ रोजी चिन्नास्वामी क्रीडांगणावर विश्वचषक स्पर्धेतील भारत-इंग्लंड सामना झाला. पंचांच्या निर्णयाविरुद्ध दाद मागण्याची पद्धत विश्वचषकात प्रथमच त्या वर्षी आली होती. सचिन तेंडुलकरांच्या १२० धावांच्या बळावर भारताने ३३८ धावा केल्या. उत्तरादाखल इंग्लंडचा कर्णधार स्ट्रॉस व इयान बेल यांची जोडी जमली. बेल १७ धावांवर असताना युवराजसिंगचा चेंडू त्याच्या पायावर आदळला. पंच बोडन यांनी नाबाद ठरविले. धोनीने दाद मागितली. पडद्यावर साऱ्या प्रेक्षकांना दिसले की चेंडू मधल्या यष्टीवर जाणार होता. तरीही निर्णय बदलला नाही! कारण, चेंडू पायाला लागला ती जागा यष्टींपासून अडीच मीटरांहून अधिक दूर होती, आणि एवढ्या अंतरावर यंत्राच्या अंदाजापेक्षा मैदानावरील पंचाच्या विवेकावर भिस्त ठेवावी, अशी तरतूद होती.

बेलने पुढे ६९ धावा केल्या, स्ट्रॉसने १५८. इंग्लंडचा विजय समोर दिसू लागला असता आपल्या श्रीरामपूरच्या झहीर खानने लागोपाठच्या दोन चेंडूंवर दोघांनाही टिपले. शेवटच्या चेंडूवर दोन धावा हव्या असता एकच निघाली आणि सामना ३३८-३३८ असा बरोबरीत सुटला. एका धावेने निकाल फिरणार होता, म्हणूनच त्या एका निर्णयाचे महत्त्व. यंत्र आणि मानवी विचार यांची ही भेसळ आहे, अशा आशयाची टीका धोनीने केली. तरतुदीप्रमाणेच सारे झाले, असे नियमकर्त्यांचे म्हणणे. तथापि त्याच स्पर्धेत पुढे पंचांना दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत फेरफार करावा लागला, हेही विसरता येत नाही.

ही अडीच मीटरांची अट केवळ लहर होती काय? तसे नाही. टेनिसमध्ये हेच ‘हॉक-आय’ यंत्र चेंडू कोठे पडला ते सांगते; जे घडले त्याची ती नोंद होय. पायचीताच्या प्रकरणात यंत्राला न घडलेल्या गोष्टीविषयी बोलावे लागते. चेंडू पायाने अडविलेला असतो. अडला नसता तर तो कोठे गेला असता, हे ते अनुमानाने सांगते. मार्ग जितका लांब, तितकी अनुमानातील शंका अधिक. पडद्यावरील ठसठशीत रेषा ही शंका झाकून टाकते. अडीच मीटरांच्या नियमाने ती शंका कबूल केली होती. दोष होता तो हा की, प्रेक्षकांना आणि पुष्कळशा खेळाडूंना तिची आगाऊ कल्पना कोणी नीटशी दिलीच नव्हती.

या पद्धतीच्या इतिहासात बंगळूरचा आणखी एक धागा गुंफलेला आहे. तिचा पहिला कसोटी प्रयोग जुलै २००८ मध्ये श्रीलंकेत झाला, तेव्हा भारताचे कर्णधार होते बंगळूरचेच अनिल कुंबळे. त्या मालिकेत श्रीलंकेच्या अकरा मागण्या मान्य झाल्या, भारताची केवळ एक. पुढे कित्येक वर्षे भारताने या पद्धतीला विरोध केला, त्यामागे हा कटू अनुभव होता असे समजले जाते. २०१६ च्या नोव्हेंबरात राजकोटला इंग्लंडविरुद्ध भारताने ती प्रायोगिक म्हणून स्वीकारली, तेव्हा कुंबळेच संघाचे प्रशिक्षक होते. मार्च २०१७ मध्ये चिन्नास्वामी क्रीडांगणावरच ऑस्ट्रेलियाचा कर्णधार स्मिथ, विदर्भाच्या उमेश यादवच्या चेंडूवर पायचीत ठरल्यावर, दाद मागावी की नाही हे विचारण्यास ड्रेसिंग रूमकडे पाहू लागला. पंचांनी त्यास तेथेच रोखले. दाद मागण्याचा विवेकही मैदानावरच्या खेळाडूचाच असला पाहिजे, असे त्या नियमाचे म्हणणे.

दरम्यान ‘अंपायर्स कॉल’ ही तरतूद वादाचे केंद्र झाली होती. चेंडूचा निम्म्याहून कमी भाग यष्टींना लागणार असे यंत्राने दाखविले, तर पंचाचा मूळ निर्णय कायम. म्हणजे एकच चेंडू, एकच रेघ. पंचाने बोट वर केले तर बाद, नाही केले तर नाबाद! जुलै २०२० मध्ये सचिन तेंडुलकरांनी स्पष्ट सांगितले की, यष्टींना चेंडू लागणार असेल तर किती लागणार हा प्रश्न गौण आहे, तो बादच. मार्च २०२१ मध्ये विराट कोहलीनेही याने गोंधळ माजतो असे म्हटले. तरीही आंतरराष्ट्रीय मंडळाच्या क्रिकेट समितीने ती तरतूद राखली. त्या समितीचे अध्यक्ष कुंबळेच होते. उघड चुका दुरुस्त व्हाव्यात, परंतु मैदानावरील निर्णयकर्ता पंचच राहावा, असे सूत्र त्यांनी मांडले. यष्टींच्या उंचीची मर्यादा मात्र वाढविण्यात आली.

आता तेंडुलकरांचे म्हणणे खरे की कुंबळ्यांचे? आपल्या वाचकांपैकी जे शासनसेवेत आहेत त्यांना याचे उत्तर परिचित वाटावे. खालच्या अधिकाऱ्याने समक्ष चौकशी करून दिलेला निर्णय अपिलात केवळ ‘मला वेगळे वाटते’ एवढ्यावर सहसा फिरविला जात नाही. ढळढळीत चूक दिसावी लागते. एकाच प्रकारच्या दोन प्रकरणांत दोन निर्णय कायम राहिलेले आपण पाहतो, आणि त्यावरून अपील-पद्धतीलाच दोष देत नाही. शंका असेल तेथे समक्ष पाहणाऱ्याचा मान राखावा, हा या पद्धतीचा पाया आहे. या दृष्टीने कुंबळ्यांचे सूत्र सुज्ञपणाचे आहे.

परंतु तेंडुलकरांच्या आक्षेपातही एक ऐतिहासिक सत्य दडलेले आहे. पायचीताचा नियम १७७४ पासून चालत आला, आणि त्याच्या जोडीने वाढलेला क्रिकेटचा संकेत असा की, संशयाचा फायदा फलंदाजाला मिळावा. नव्या पद्धतीने तो फायदा फलंदाजाकडून काढून पहिल्या निर्णयाच्या पदरात घातला. हा मोठाच बदल होता. पण तो बदल म्हणून कोणी जाहीर केला नाही. जो फेरफार सांगून केला जात नाही, तो सोयीचा असला तरी लोकांना चूकच वाटतो.

गुगली कला ठरली, मांकड यांची कृती निर्दोष ठरली आणि जमिनीवरचा चेंडू हद्दपार झाला; या तिन्हींचा निवाडा एकाच कसोटीवर झाला. नियम ज्यासाठी केला त्या हेतूला ती गोष्ट पोषक आहे काय, आणि दोन्ही बाजूंना ती आधीपासून ठाऊक आहे काय? पंचाचा कौल पहिल्या कसोटीला उतरतो. दुसऱ्या कसोटीला तो बंगळुरात २०११ साली उतरला नाही. यंत्राने आपली शंका लपवू नये आणि नियमकर्त्याने आपली योजना लपवू नये, एवढे पाळले गेले तर हरणाऱ्यालाही निर्णय मान्य होतो. आणि खेळात काय, राज्यकारभारात काय, न्यायाची खरी परीक्षा हरणाऱ्याच्या मनातच होत असते.